बसणारा नट आणि जुळणारा नट

मोटारीतील मोठ्या भागांची नावे सर्वांना ठाऊक असतात. इंजिन, गिअरपेटी, ब्रेक, चाके यांविषयी घराघरांत बोलले जाते. परंतु हे सारे भाग ज्यांच्या आधाराने एकत्र राहतात, त्या नट-बोल्टांची आठवण सहसा एखादा नट गळून पडल्यावरच होते. नव्या गाडीच्या मालकाला त्यांची फिकीर करण्याचे कारण नसते. वडिलांची अथवा आजोबांची जुनी गाडी जतन करू पाहणाऱ्या कुटुंबाला मात्र पहिल्याच दुरुस्तीत एक कोडे पडते. बाजारातून आणलेला नट बोल्टावर दोन फेरे सहज चढतो आणि तिसऱ्या फेऱ्याला अडून बसतो. एक पाना एका नटाला घट्ट लागतो, तर शेजारच्या नटावर सैल होऊन घसरतो. डोळ्यांना दोन्ही नट सारखेच दिसतात. मग चूक कोठे झाली ?

त्या दोन नटांच्या मागे मोजमापाच्या दोन भिन्न परंपरा उभ्या असतात. एक इंचाची, दुसरी मिलिमीटरची. आपल्या देशात या दोन्ही परंपरा दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या. कित्येकदा एकाच गावात, एकाच कारखान्यात आणि एकाच गाडीतही. दिल्लीच्या दक्षिणेस वसलेले हरियाणातील फरीदाबाद हे औद्योगिक शहर याचे बोलके उदाहरण होय.

एका शहरातील दोन मापे

जुने फरीदाबाद १६०७ साली जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने वसविले, असे सांगतात. नवे फरीदाबाद मात्र स्वातंत्र्योत्तर काळाचे अपत्य आहे. देशाच्या फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी येथे नगर उभारण्यात आले. त्याच्या उभारणीसाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्षपद डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते. घरे बांधण्याच्या कामी निर्वासितांनी स्वतःचे श्रम खर्ची घातले, आणि पुढे याच वस्तीभोवती कारखाने उभे राहिले.

२४ एप्रिल १९५९ रोजी आयशर कंपनीचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्याची मूळ बनावट जर्मन. म्हणून त्याचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. त्यानंतर एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील उर्सुस या कारखान्याच्या सहकार्याने ट्रॅक्टर तयार करण्यास आरंभ केला. पोलंडमध्येही मेट्रिक मापच रूढ होते. याच कंपनीची ‘राजदूत’ मोटारसायकलही मुळात पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलीवरून घेतलेली होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी एस्कॉर्ट्सने फोर्ड कंपनीच्या सहकार्याने फोर्ड ट्रॅक्टर बांधावयास घेतले, आणि त्यांच्याबरोबर इंचाच्या मापाचे आटे त्याच औद्योगिक वसाहतीत येऊन दाखल झाले. अशा रीतीने फरीदाबादच्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला दोन्ही मापांचे पाने जवळ बाळगणे भाग पडले.

कायद्याने देशात मेट्रिक पद्धती आणण्याचे पाऊल त्यापूर्वीच उचलले गेले होते. १९५६ साली वजने व मापे यांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने-मापे लागू होऊ लागली. शेर जाऊन किलोग्रॅम आला, गज जाऊन मीटर आला. दुकानातील वजने बदलता येतात. परंतु रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीच्या इंजिनातील बोल्ट कायद्याच्या तारखेला बदलत नाहीत. ते गाडीच्या आयुष्याइतके जगतात.

मिस्त्रींच्या बोलण्यातही जुने माप टिकून आहे. इंचाच्या आठव्या भागाला आपल्याकडे ‘सूत’ म्हणतात. अर्धा इंच म्हणजे चार सूत, ३/८ इंच म्हणजे तीन सूत, ५/१६ इंच म्हणजे अडीच सूत. शाळेत केवळ सेंटिमीटर शिकलेला तरुण उमेदवार गॅरेजमध्ये आला की ‘अडीच सुती बोल्ट आण’ ही आज्ञा त्याला बुचकळ्यात टाकते. शिवाय ज्याला आपण मराठीत आटे म्हणतो, त्याला दिल्ली-फरीदाबादकडे ‘चूडी’ म्हणतात. बोल्टाभोवती फिरणारी ती बारीक वळी बांगड्यांच्या चळतीसारखी दिसतात, हे पाहता तो शब्द किती समर्पक आहे हे ध्यानी येईल.

आटा म्हणजे काय ?

हे समजण्यासाठी घरातील मुलांना एक प्रयोग करावयास सांगावे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून त्याच्या तिरप्या कडेवर शाईने रेघ ओढावी. मग त्रिकोणाची उभी बाजू पेन्सिलीला समांतर धरून तो कागद पेन्सिलीभोवती गुंडाळावा. शाईची रेघ पेन्सिलीवर मळसूत्राप्रमाणे वर चढत गेलेली दिसेल. आटा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार होय. चढणीचा रस्ता डोंगराला वळसे घेत वर जातो, तसा नट या उतारावरून पुढे सरकतो आणि थोड्या जोराने मोठी पकड निर्माण करतो.

दोन आटे परस्परांशी जुळावयाचे असतील तर तीन गोष्टी एकसारख्या असाव्या लागतात. पहिली गोष्ट व्यास, म्हणजे बोल्टाची जाडी. दुसरी गोष्ट अंतर, म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंतची लांबी. कारागीर तिला पिच म्हणतात. मेट्रिक पद्धतीत हे अंतर सरळ मिलिमीटरमध्ये सांगतात, तर इंच पद्धतीत एका इंचात किती आटे बसतात ते सांगतात. तिसरी गोष्ट कोन, म्हणजे आट्याच्या दोन उतरत्या बाजूंमधील कोन. व्यास आणि पिच मोजता येतात. कोन मात्र साध्या डोळ्यांना दिसत नाही, आणि फसगत बहुधा तेथेच होते.

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणून २५.४ ला इंचातील आट्यांच्या संख्येने भागले की पिच मिलिमीटरमध्ये मिळते. इंचात २४ आटे असतील तर पिच १.०५८ मिलिमीटर, २० असतील तर १.२७ आणि १८ असतील तर १.४११ मिलिमीटर. हा एक हिशेब पाठ असला तर अर्धे कोडे सुटते.

इंचाचेही अनेक प्रकार

मेट्रिक विरुद्ध इंच एवढाच झगडा असता तर काम सोपे होते. परंतु इंचाच्या घरातही अनेक भावंडे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमधील प्रत्येक कारखाना आपापल्या मनाप्रमाणे आटे पाडीत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागण्याची शाश्वती नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट तपासून सर्वांसाठी एकच माप सुचविले. त्याने कोन ५५ अंशांचा ठरविला आणि आट्याचे माथे व तळ गोलसर ठेवले. रेल्वेच्या प्रसाराबरोबर हे माप ब्रिटिश साम्राज्यभर, अर्थात हिंदुस्थानातही, पोहोचले. पुढे मोटारींसारख्या थरथरणाऱ्या यंत्रांसाठी याच कोनाचे पण अधिक बारीक आटे १९०८ मध्ये प्रमाणित झाले. त्यांना बीएसएफ म्हणतात, आणि मूळ जाड आट्यांना बीएसडब्ल्यू.

अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा कोन आणि सपाट माथे असलेला आटा सुचविला. तो पाडावयास सोपा होता, म्हणून तिकडे तोच रूढ झाला. युरोपातील देशांनी १८९८ साली झुरिक येथील परिषदेत ६० अंशांचाच कोन, परंतु मिलिमीटरचे माप स्वीकारले. जगात अशा तीन वाटा निर्माण झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात या भिन्नतेची किंमत ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही मित्रराष्ट्रांना मोजावी लागली. एका देशाच्या यंत्राला दुसऱ्या देशाचे सुटे भाग लागत नसत. म्हणून १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका व कॅनडा या तीन देशांनी वॉशिंग्टन येथे एकीकृत आट्यांचा करार केला. इंचाचे माप आणि ६० अंशांचा कोन असलेले हे आटे जाड असल्यास यूएनसी आणि बारीक असल्यास यूएनएफ म्हणून ओळखले जातात. १९४७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेनेही आपल्या पहिल्या क्रमांकाच्या तांत्रिक समितीकडे आट्यांचाच विषय सोपविला होता. तिच्या परिश्रमांतून आजचा जागतिक मेट्रिक आटा साकार झाला. आपल्याकडे त्याचे भारतीय मानक आयएस ४२१८ या क्रमांकाचे आहे.

कोणत्या गाडीत कोणते आटे ?

नट हाती घेण्यापूर्वी गाडीची वंशावळ विचारावी, हा या कामातील पहिला नियम. आपल्या रस्त्यांवरील जुन्या गाड्यांची वंशावळ जाणून घेणे फारसे अवघड नाही.

अँबॅसिडर ही गाडी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका, हिच्यावरून बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार झाली. तिच्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या बीएमसी इंजिनात एकीकृत इंची आटे आहेत. परंतु १९९० च्या दशकात याच गाडीत जपानच्या इसुझू बनावटीचे १.८ लिटरचे इंजिन बसविले जाऊ लागले, आणि ते पूर्णतः मेट्रिक मापाचे. दिल्लीतील सरकारी कचेऱ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या दोन अँबॅसिडर बाहेरून जुळ्या बहिणी वाटत. बॉनेट उघडले की एकीला इंचाचे पाने लागत आणि दुसरीला मिलिमीटरचे. २०१४ साली अँबॅसिडरचे उत्पादन थांबले, तरी हा भेद जतन केलेल्या गाड्यांत कायम आहे.

मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कथाही अशीच आहे. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या या कारखान्यात आरंभी क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ यांसारख्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. त्यांचे आटे इंची. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि फियाट ११०० आली. तिचेच पुढील रूप म्हणजे प्रीमियर पद्मिनी. इटालियन वंशाची असल्यामुळे ती मेट्रिक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी पद्मिनीला घरोघरी पोहोचविले. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही सेवेतून निवृत्त झाली. कौटुंबिक मालकीच्या पद्मिनी मात्र आजही आवडीने सांभाळल्या जातात.

महिंद्र कंपनीची जीप अमेरिकेच्या विलीस जीपवरून आली, म्हणून तिचे मूळ आटे इंची. नंतरच्या काही जीपांत फ्रान्सच्या प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन आले, ते मेट्रिक. मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेरल्ड इंग्रजी वंशाची, म्हणून एकीकृत इंची आट्यांची.

सर्वांत चमत्कारिक कथा इंग्लंडच्या जुन्या मॉरिस आणि एमजी गाड्यांची आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्री येथे शस्त्रांचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तेथे मॉरिस गाड्यांची इंजिने तयार होऊ लागली, आणि १९२३ साली मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच असल्यामुळे बोल्टांवर मिलिमीटरचे आटे पडत. परंतु इंग्रज मिस्त्रीजवळ व्हिटवर्थचे पाने असत. त्यांची अडचण होऊ नये म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवण्यात आली. डोके इंचाचे आणि अंग मिलिमीटरचे ! मॉरिस टेनच्या ‘एम’ मालिकेच्या इंजिनावरून तयार झालेल्या एमजी टीसीच्या इंजिनातही हीच रीत चालू राहिली. मॉरिस टेनचेच भारतीय रूप हिंदुस्थान टेन या नावाने निघाले होते. म्हणून अशा गाडीचा बोल्ट केवळ पाना लावून ओळखू नये. पाना डोक्याचे माप सांगतो. आट्याचे माप आट्यालाच विचारावे लागते.

फसव्या जोड्या

लोणच्याच्या बरणीचे झाकण वाकडे लागले तर ते काही अंतर फिरते आणि मग अडते. गृहिणी ते बळाने दाबीत नाही, उलट फिरवून पुन्हा सरळ लावते. नटाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. निसर्गतः जुळणारा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाना केवळ शेवटची पकड देण्यासाठी असतो. बोटांनी न फिरणारा नट पान्याने फिरविला की कठीण धातू मऊ धातूचे आटे कापीत जातो, आणि कारागिराला वाटते की नट घट्ट बसला.

अशा काही फसव्या जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ५/१६ इंच यूएनएफ बोल्टाची जाडी ७.९४ मिलिमीटर आणि पिच १.०५८ मिलिमीटर. बारीक आट्याच्या ८ मिलिमीटर बोल्टाची पिच १ मिलिमीटर. जाडीतील फरक केवळ ०.०६ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढा. परंतु पिचमधील फरक प्रत्येक आट्यागणिक साचत जातो आणि पाच आट्यांत तो जवळजवळ ०.३ मिलिमीटर होतो. म्हणून नट आरंभी चढतो व मग अडतो. वर सांगितलेल्या एमजी इंजिनांत १ मिलिमीटर पिचचेच ८ मिलिमीटरचे बोल्ट असल्याने तेथे ही चूक हमखास होते.

व्हिटवर्थ आणि यूएनसी यांची जोडी अधिक फसवी. पाव इंच, ५/१६ इंच व ३/८ इंच या मापांत दोन्हींची इंचातील आट्यांची संख्या सारखीच, म्हणजे अनुक्रमे २०, १८ व १६ आहे. नट बहुधा शेवटपर्यंत फिरतो. पण एकाचा कोन ५५ अंशांचा व दुसऱ्याचा ६० अंशांचा असल्याने आट्यांच्या बाजू पूर्णपणे टेकत नाहीत. त्या एका अरुंद रेषेवर स्पर्श करतात. अर्ध्या इंचाच्या मापात मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे असल्याने चूक तत्काळ उघडकीस येते. बारीक आट्यांचे उदाहरण घ्यावयाचे तर पाव इंच बीएसएफमध्ये २६ आणि यूएनएफमध्ये २८ आटे असतात.

सर्वांत धोक्याची जोडी ब्रेकच्या नळ्यांची. जुन्या इंग्रजी गाड्यांत ब्रेकच्या तेलाची नळी जोडणारा पेच बहुधा ३/८ इंच, २४ आट्यांचा असतो. नंतरच्या गाड्यांत त्याच जागी १० मिलिमीटर, १ मिलिमीटर पिचचा पेच आला. इंची पेच ९.५२ मिलिमीटर जाडीचा असल्याने तो १० मिलिमीटरच्या भोकात सहज शिरतो. पिच जवळपास सारखी, म्हणून तो थोडासा आवळलाही जातो. परंतु आट्यांची पकड फक्त माथ्यापुरती असते. गाडी उभी असताना गळती दिसत नाही. उतारावर जोराने ब्रेक दाबताच तेलाचा दाब वाढतो आणि पेच निसटू शकतो. घरातील माणसे ज्या गाडीत बसतात तिच्या ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांच्या बाबतीत ‘चालून जाईल’ या दोन शब्दांना जागा नाही.

ओळखण्याची रीत

मोजणीसाठी फार महागडी साधने लागत नाहीत. एक व्हर्निअर कॅलिपर, एक इंची व एक मेट्रिक पिच गेज आणि एक भिंग एवढे पुरते. पिच गेज म्हणजे करवतीसारखे दात असलेल्या पोलादी पात्यांचा जुडगा. प्रत्येक पात्यावर त्याचे माप कोरलेले असते.

प्रथम बोल्ट रॉकेलने धुऊन तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावा. गंज आणि रंगाचा थर मोजमाप बिघडवितो. नंतर व्हर्निअरने आट्यांच्या माथ्यावर जाडी मोजावी. प्रत्यक्ष जाडी नाममात्र मापापेक्षा किंचित कमी भरते, हे ध्यानात असावे. मग पिच गेजचे पाते आट्यांवर टेकवून उजेडासमोर धरावे. पात्याच्या आणि आट्यांच्या मधून प्रकाशाची फट दिसली तर ते माप चुकीचे. निदान सहा-आठ आटे तरी जुळले पाहिजेत, कारण दोन-तीन आट्यांत जवळची मापे वेगळी दिसत नाहीत. गेज नसेल तर ओळखीचा बोल्ट अनोळखी बोल्टाशेजारी ठेवून दोघांचे आटे एकमेकांत अडकवून पाहावे. तीच परीक्षा त्यानेही होते.

बोल्टाच्या डोक्यावरील खुणाही बोलतात. एकीकृत आट्यांच्या ब्रिटिश बोल्टांवर एकमेकांना लागलेली तीन वर्तुळे किंवा डोक्याच्या मध्यभागी गोल खळगा आढळतो. अमेरिकन बोल्टांवर मध्यापासून निघणाऱ्या रेघा असतात. तीन रेघा पाचव्या प्रतीच्या आणि सहा रेघा आठव्या प्रतीच्या मजबुतीची खूण. मेट्रिक बोल्टांवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. ८.८ मधील पहिला आकडा हा बोल्ट प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसून मग तुटेल असे सांगतो; दुसरा आकडा सांगतो की त्या ताणाच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबणार नाही. आटे जुळले तरी मजबुती जुळली पाहिजे. स्टिअरिंगच्या बोल्टाच्या जागी फाटकाच्या बिजागरीचा बोल्ट शोभत नाही.

पान्यांच्या बाबतीतही गोंधळ आहे. व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नसतो. पाव इंच असे कोरलेल्या पान्याचे तोंड १३.३ मिलिमीटर रुंद असते. एकीकृत आट्यांच्या पान्यांवर मात्र तोंडाचेच माप असते. अर्ध्या इंचाच्या म्हणजे १२.७ मिलिमीटर तोंडाच्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना लागल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिलिमीटरची ही सैल जागाच नटाचे सहा कोपरे झिजवून त्याला गोल करते. उलट ३/४ इंच आणि १९ मिलिमीटर ही मापे जवळजवळ सारखीच आहेत.

आणखी एक सूचना चाकांविषयी. विलीस जीप आणि जुन्या डॉज यांसारख्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे, म्हणजे डावे आटे असतात. तेथे नट सैल करण्यासाठी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसल्यास माणूस सगळे बळ लावून नट अधिकच आवळीत राहतो आणि अखेर बोल्ट तोडतो.

आटे गेले तर काय करावे ?

जुन्या इंजिनातील आटे झिजणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पुष्कळ गॅरेजांत मोठ्या मापाचा टॅप फिरवून जवळचा मेट्रिक बोल्ट बसवून देतात. काम तेवढ्यापुरते भागते. परंतु पुढचा कारागीर त्याच भोकात पुन्हा इंची बोल्ट घालू पाहतो, आणि बिघाडाची मालिका सुरू होते. त्यापेक्षा चांगली रीत अशी की, झिजलेले भोक योग्य मापाने मोठे करून त्यात खास टॅपने आटे पाडावे आणि पोलादी तारेचे वेटोळे बसवावे. त्या वेटोळ्याच्या आतील आटे मूळ मापाचेच राहतात. विशेषतः ॲल्युमिनियमच्या भागांना ही रीत मानवते.

गाडी सोडविताना प्रत्येक भागाचे नट-बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठी लावावी. शक्य असेल तेथे भाग काढल्याबरोबर नट त्याच्याच बोल्टावर परत फिरवून ठेवावा. दिल्लीतील काश्मीरी गेट व मायापुरी किंवा मुंबईतील कुर्ला यांसारख्या सुट्या भागांच्या बाजारांत जाताना मूळ नमुना बरोबर न्यावा आणि नवा नट दुकानातच बोटांनी फिरवून पाहावा. ज्या मापाचा बोल्ट कोठेच मिळत नाही, तो चांगल्या लेथवर नमुन्याप्रमाणे करून घेता येतो. फरीदाबादसारख्या शहरात अशी कला जाणणाऱ्या लहान यंत्रशाळा आहेत. परंतु करणाऱ्याला केवळ ‘असाच करा’ असे न सांगता व्यास, पिच, कोन आणि पोलादाची प्रत लिहून द्यावी.

या दक्षतेला आता कायद्याचेही एक कारण लाभले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, व्यापारासाठी न वापरली जाणारी आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली वाहने त्यात मोडतात. अशा वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. एखाद्या नटासाठी कोणी नोंदणी नाकारील असे नाही. तरी मूळ रूप जपणे म्हणजे बाहेरचा रंग चकचकीत ठेवणे एवढेच नसते. इंजिन ज्या मापात जन्मले त्या मापात ते राखणे, हेही त्यात येते.

फरीदाबादेतील काय किंवा कुर्ल्यातील काय, जुन्या पिढीच्या पुष्कळ मिस्त्रींनी ही विद्या पुस्तकातून घेतलेली नाही. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये नट फिरवून तो कोणत्या घराण्याचा हे ते सांगतात. ती पिढी आता थकत चालली आहे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी अशा मिस्त्रीजवळ आपल्या मुलामुलींना बसवावे आणि ते सांगतील ती मापे वहीत उतरवून घ्यावी. गाडीच्या कोणत्या भागात कोणता बोल्ट, किती आट्यांचा, कोणत्या पान्याचा, अशी यादी तयार झाली की ती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. पुढच्या पिढीला गाडीबरोबर ही वही मिळाली, तर पाना हाती घेण्यापूर्वी मोजण्याची सवयही तिला आपोआप मिळेल.